कंदिलाचा पूर्वेतिहास

(पुरवणी. दिलेली जागा अपुरी पडल्यास वेगळा कागद जोडावा, असं फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं आहे. जोडतो आहे.)

हा फॉर्म फोर्टातल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानदाराने मला दिला. दोन प्रती दिल्या, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. पहिली प्रत मी अतिशय सुवाच्य अक्षरात भरली आणि तिच्यात एकही वाक्य खरं नव्हतं. ही दुसरी. ही कुणाला द्यायची नाही, त्यामुळे अक्षराकडे लक्ष दिलेलं नाही.

रकाना १. वस्तूचे नाव

जहाजावरचा पितळी कंदील, रॉकेलचा. घरात त्याला नाव नव्हतं. किशोरी, म्हणजे माझी पत्नी, त्याला 'ते' म्हणायची. ते आत घ्या, पाहुणे येताहेत.

रकाना २. वस्तू आपल्याकडे कशी आली (दोन ओळींत)

पहिल्या प्रतीत इथे मी 'परस्पर संमतीने विनिमय' असं लिहिलं होतं. एक ओळ शिल्लकही राहिली होती.

मी जासईला एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत कागदपत्रं करतो. न्हावा शेवाला कंटेनर उतरतो. त्यात काय आहे, कुठून आलं, किती नग, हे मी टाइप करतो. माल मी कधी पाहत नाही. वीस वर्षांत या देशाने बाहेरून काय काय मागवलं ते मला पाठ आहे, पण त्यातल्या एकाही वस्तूला माझा हात लागलेला नाही. राहतो नवीन पनवेलला. तिथे माझ्या नोकरीला काही वजन नाही. उरणजवळच्या मोऱ्याच्या बंदरावर मात्र आहे. शनिवारी अर्धा दिवस झाला की स्कूटर घेऊन मी मासळी आणायला मोऱ्याला जातो, आणि तिथली मासळीवाली गुणाबाई मला 'कंटेनरवाले भाऊ' म्हणते. परदेशातून आलेलं काहीही असलं, कुणाच्या जावयाचं घड्याळ, कुणाची बॅटरी, की ते माझ्यापुढे धरलं जायचं. भाऊ, बगा, खरा हाय का डुप्लिकेट. मी उलटसुलट करून निकाल द्यायचो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण निकाल देताना चेहरा कसा करावा ते येत होतं.

धक्क्याला लागून, तिच्या टोपलीच्या मागेच गुणाबाईचं घर; त्याच्या पडवीत हा कंदील टांगलेला असे. काळा, तेलकट. मुठीखाली कुंकवाचा जाड थर. तिचे सासरे बुधाजी यांनी खूप वर्षांपूर्वी वादळात होडी घालून एका अडकलेल्या बोटीवरची माणसं उतरवली, आणि बोटीच्या कप्तानाने त्यांना तो आपल्या हाताने दिला. दर नारळी पौर्णिमेला कंदील होडीवर जायचा, त्याला हळदकुंकू व्हायचं, आणि गुणाबाई ही गोष्ट नव्याने सांगायची. मासळी घेताना मी ती निदान सहा वेळा ऐकली असेल. वादळ दरवेळी थोडं वाढायचं. कंदील तेवढाच राहायचा.

२०११च्या जानेवारीत कचेरीत काम नव्हतं म्हणून मी इंटरनेटवर असल्या कंदिलांच्या किमती पाहिल्या. किती ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की पाहिल्यावर मी उठून पाणी प्यायलो आणि परत येऊन तेच पान पुन्हा पाहिलं.

त्या शनिवारी मी भिंग घेऊन गेलो. भिंग लावून मी अर्धा तास तो कंदील पाहिला. बुडाला इंग्रजी अक्षरं झिजलेली होती, ग्लासगो इतकं लागत होतं. आतल्या बाजूला लाल ऑइलपेंटने मराठीत लिहिलं होतं: मालू, १९३८. मालू म्हणजे बुधाजींची बायको, आणि तिच्याच नावाची त्यांची होडी. मी विचारलं, विकता का. गुणाबाई म्हणाली, सासऱ्यांची आठवण आहे, कशी विकू.

इथपर्यंत मी सज्जन माणूस होतो. मागे वळून पाहता ती हद्द मला अगदी स्पष्ट दिसते, जिल्ह्याची पाटी दिसावी तशी.

मी म्हणालो, "मावशी, वाईट वाटून घेऊ नका. असले कंदील आमच्याकडे कंटेनर भरून येतात. हा चायना आहे."

गुणाबाई सुरमई कापत होती, ती कापत राहिली. मग तिने विचारलं, "नक्की?"

मी चेहरा केला.

पुढच्या शनिवारी कंदील पडवीत नव्हता. टोपलीमागे गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. न्या म्हणाली, उगाच खिळा अडवून बसलाय. पैसे घेईना, खोट्या वस्तूचे पैसे कसे घ्यायचे. मी फुकट घेईना. मी काही चोर नव्हे. शेवटी उरणच्या बाजारातून एक चार्जिंगचा एलईडी कंदील आणून मी तिला दिला. तो मात्र खरोखर चायना होता, खोक्यावर तसं लिहिलंच होतं. ती खूश झाली. म्हणाली, याचा उजेड बरा हाय.

हा झाला विनिमय.

रकाना ३. वस्तूची साफसफाई, पॉलिश वा दुरुस्ती केली आहे का? (हो / नाही)

हा नंतर भरतो.

रकाना ४. मूळ देश

कंदील लगेच विकायला हवा होता. पण आमच्या वरच्या मजल्यावर धर्मराज राहतात. त्यांच्या वडिलांनी जमीन फार लवकर विकली आणि भाव नंतर चढले, त्यामुळे कुठल्याही विषयावर त्यांचा एकच सल्ला असतो. गॅसचा नंबर लागेना तरी, मुलीचं लग्न जमेना तरी. "थांबा," ते म्हणाले. "जुनी वस्तू हाय. जेवढं थांबाल तेवढी जुनी होईल." हे गणित मला बिनतोड वाटलं. मी थांबलो. कंदील जुना होत राहिला.

सप्टेंबरात एका दुपारी माझ्यासमोर एका कंटेनरचे कागद आले. मी टाइप करत होतो: पितळी कंदील, जहाजी, सजावटीचे, मूळ देश चीन, नग नऊशे साठ.

मी हात उचलला. चहा मागवला. नगांची संख्या पुन्हा वाचली.

त्यानंतर दिवाळीपर्यंत आणखी तीन कंटेनर आले. सगळे माझ्याच हातून गेले; ती आयातदार पार्टी माझ्याकडे होती. मी मोऱ्याला खोटं बोललो आणि चीनने ते मनावर घेतलं. माझं वाक्य अक्षरशः खरं झालं होतं, फक्त आठ महिने उशिरा. याबद्दल थोडंफार पुण्य लागतं का, असाही विचार माझ्या मनात येऊन गेला. लाज वाटते, पण आला होता.

साहेबांनी मला विचारलं, एवढी खाडाखोड का. मी म्हणालो, की-बोर्ड.

पुन्हा रकाना ३

आता टाळता येत नाही.

दिवाळी जवळ आली. आमच्याकडे दिवाळीच्या आधी घरातलं सगळं पितळ घासून निघतं. समया, तांब्या, देवांचे मुकुट, दाराची कडी. कंदील पितळेचा होता. यापुढे युक्तिवादाला जागाच नाही. किशोरी म्हणाली, विकायचाय ना, मग असा काळा कोण घेईल. मुलगी दाखवतानासुद्धा तोंड धुऊन आणतात. मला ते पटलं. मला पटलं हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर मी तिच्यावर ढकलायचा प्रयत्न केला होता.

आधी चिंच. मग रांगोळी. मग समोरच्या हेतलबेन आल्या आणि त्यांनी लिंबू-मीठ सुचवलं. मुठीखालचा लाल-काळा थर निघेना, तो मी खिळ्याने खरवडला. चहाच्या गाळणीत मावेल इतकं निघालं. आतल्या बाजूचा लाल रंग मात्र कशालाच दाद देईना. हेतलबेन घरी जाऊन नेलपॉलिश काढायची बाटली घेऊन आल्या. मालू आधी गेली, मग १९३८. बोळा लाल झाला. हेतलबेन म्हणाल्या, "जुओ, केवढं साफ."

संध्याकाळी कंदील शोकेसच्या फळीवर ठेवला तेव्हा त्याच्यात आमचे तिघांचे चेहरे दिसत होते. धर्मराज मुद्दाम खाली येऊन बघून गेले. मी फोटो काढला. घासण्याआधीचा फोटो काढला नव्हता. इतक्या घाण वस्तूचा कोण काढतं.

उत्तर: हो.

रकाना ६. अन्य कागदपत्रे

(पाच नाही, आधी सहा. माझ्या बाबतीत क्रम असाच होता.)

फोर्टातल्या दुकानदाराने कंदील हातात घेतला, फिरवला, आणि म्हणाला, "सुंदर आहे. नवाच आहे एकदम." मी म्हणालो, शंभर वर्षांचा आहे. त्याने मागच्या फळीवरचा पडदा सरकवला. तिथे तसेच अकरा कंदील होते. प्रत्येकाच्या बुडाला ग्लासगो कोरलेलं होतं, माझ्या कंदिलाहून कितीतरी ठळक, सालासकट. माझ्याच कंटेनरचे. आयुष्यात पहिल्यांदा मी कागदावरचा माल प्रत्यक्ष पाहत होतो, आणि त्याने मला ओळख दिली नाही.

मग त्याने मला शांतपणे समजावलं. पूर्वी असा दिवा हाती आला की तो खराच असायचा, कारण खोटा बनवणं कुणाला परवडत नव्हतं. आता फोटोत सगळे सारखे. ज्याला खरा हवा तो घाबरून घेत नाही. ज्याला दिसायला हवा तो खोटा घेतो आणि सुखी राहतो. "खऱ्याचा भाव खोट्याने पाडला, साहेब. आता दिवा खपत नाही, दिव्याची गोष्ट खपते. गोष्ट आणि मळ. मळ आहे का?"

मी म्हणालो, होता.

तेव्हा त्याने हा फॉर्म दिला. पूर्वीच्या मालकाची सही किंवा अंगठा असला तर परदेशातलं एक गिऱ्हाईक तो बघणार होता. फक्त माल बाहेर पाठवायचा म्हणजे सरकारी दाखला लागेल. कसला, विचारलं, तर म्हणाला, वस्तू पुरातन, म्हणजे शंभर वर्षांहून जुनी, नसल्याचा. म्हणजे गिऱ्हाइकासाठी एक कागद की वस्तू जुनी आहे, आणि सरकारसाठी एक की ती तितकी जुनी नाही. दोन्हींवर माझीच सही. १९३८ या सालाने दोन्ही कागद खरे ठरले असते. त्या सालाचा बोळा मी कचऱ्यात टाकला होता.

दाखल्याच्या कचेरीत मी दोन दिवसांची रजा टाकून, डबा आणि वर्तमानपत्र घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी कंदील पिशवीतून पुरता बाहेरही काढला नाही. वरून बघितलं आणि म्हणाल्या, हे तर नवीनच आहे, बसा, लगेच देते. दहा मिनिटांत दाखला माझ्या हातात होता. सरकारी कचेरीत माझं काम इतक्या झटपट कधी झालं नव्हतं आणि इतका अपमानही कधी वाटला नव्हता. मी त्यांना म्हणालो, नीट बघा तरी. त्या म्हणाल्या, तुम्हाला दाखला हवाय का नकोय?

डबा मी जिन्यावर बसून खाल्ला.

रकाना ५. पूर्वीच्या मालकाचे म्हणणे

पुढच्या वर्षी जानेवारीतल्या एका शनिवारी कंदील पिशवीत घालून मोऱ्याला गेलो. मुंबईची लाँच लागायची होती, धक्क्यावर बरीच माणसं होती. गुणाबाई आपल्या जागी, शेजारच्या टोपलीवर जनी, पलीकडे गुणाबाईची सून कोमल बर्फ फोडत होती. मी फॉर्म काढला आणि म्हणालो, मावशी, इथे फक्त अंगठा द्या, की हा कंदील जुना, खरा, तुमच्या सासऱ्यांचा.

तिने माझ्याकडे बघितलं. "तो चायना हाय."

मी म्हणालो, नाही हो, खरा आहे.

"तुमीच बोल्लाव ना चायना हाय म्हून. मी सगल्यांना सांगलं. कंटेनरवाले भाऊ बोल्ले म्हंजे झालं."

सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला, ते मला तेव्हा कळलं. गेल्या वर्षभरात बाजारात त्या घराला 'चायनावाले' असं नाव पडलं होतं. जनीने ते तिथल्या तिथे वापरूनही दाखवलं. कुणी म्हणे बुधाजीने तो कंदील उरणच्या बाजारात घेतला असणार. कुणी म्हणे बोटही चायनाची असेल आणि वादळही. गुणाबाईचा मुलगा जगन याने नारळी पौर्णिमेला होडीवर गोष्ट काढू नको म्हणून आईला आधीच बजावलं होतं. तिने काढली नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. हे मला कोमलने सांगितलं, बर्फ फोडता फोडता, माझ्याकडे न बघता.

मी म्हणालो, माझी जरा चूक झाली. तेव्हा घाईत नीट बघितलं नव्हतं.

"नीट बगलंव," गुणाबाई म्हणाली. "भिंग लावून बगलंव. अर्धा तास." ती रागावलेली नव्हती. तिला खरोखरच कोडं पडलं होतं. "तवा बोल्लाव खोटा, आथा बोलताव खरा. मी कुनचं धरू?"

मी बरीच उत्तरं शोधली. पितळेच्या जाती आठवल्या. तज्ज्ञांचं मत म्हणावं असंही वाटलं. माझ्या पिशवीत त्याच वस्तूच्या जुनेपणाचा आणि नवेपणाचा, असे दोन्ही कागद होते, आणि तिला नेमकं कशाने पटेल ते मला ठाऊक होतं. ते एकच वाक्य होतं आणि ते कुठल्याही रकान्यात बसत नव्हतं.

"मी तेव्हा खोटं बोललो," मी म्हणालो.

"काय?"

"कंदील खराच होता. मला ठाऊक होतं. मला हवा होता म्हणून खोटं बोललो."

गुणाबाईने हातातली मासळी खाली ठेवली. मग जनीकडे वळून म्हणाली, "आयकलंस?"

जनी म्हणाली, नाय, लाँचचा आवाज होता.

"भाऊ, मोठ्यानं बोला. जनीला आयकू आलं नाय."

मी मोठ्याने बोललो. मग पलीकडच्या ओळीतल्या शांतीला बोलावण्यात आलं, कारण चायनावाले हे नाव मूळ तिने पाडलं होतं. तिच्यासाठी पुन्हा. एव्हाना लाँचच्या रांगेतली माणसंही ऐकत होती. एकाने शेजाऱ्याला विचारलं, काय झालं, आणि त्याने सांगितलं, यांनी कंदील चोरला. मी म्हणालो, चोरला नाही हो, विनिमय केला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग गुणाबाईने हात पदराला पुसले आणि अंगठा पुढे केला. "द्या. कुठं लावू?"

मला कळेना. ती म्हणाली, "वस्तू तुमची झाली, बदली केली ना आपन. इका तुमी. मना फकस्त सासरं खोटं नव्हतं एवढं पाह्यजे होतं."

शाईची डबी माझ्या खिशात होती. मी ती काढली नाही. माझ्या हातून घडलेली एवढीच एक चांगली गोष्ट या फॉर्ममध्ये आहे, म्हणून लिहून ठेवतो. मी पिशवीतून कंदील काढला आणि तिच्या पुढ्यात ठेवला.

उन्हात तो इतका लखलखला की कोमलने डोळे बारीक केले.

गुणाबाईने त्याला लगेच हात लावला नाही. नंतर लावला, आणि तिचं बोट सवयीने मुठीखाली गेलं, तो थर होता तिथे. बोट तिथे फिरत राहिलं. मग तिने कंदील उलटा करून आत बघितलं.

"धुतलाव?"

मी म्हणालो, दिवाळी होती.

"मालू?"

मी मान हलवली.

खोटं बोललो ते तिने धक्काभर वदवून घेतलं, पण याबद्दल एक शब्द नाही. घरी गेली आणि माझा एलईडी कंदील घेऊन आली. बदली उलटी करायची तर दोन्हीकडून झाली पाहिजे. तुमचा तुमाला, म्हणाली. त्याच्या मुठीखाली कुंकू होतं. गेल्या नारळी पौर्णिमेला होडीवर दुसरं काही नव्हतं म्हणून तिने त्यालाच लावलं होतं.

दोन्ही कंदील शेजारी शेजारी होते. जनीने एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं आणि म्हणाली, "आथा यो जास्तीच चायना दिसतंय."

खरंच दिसत होता. आणि म्हणूनच हे प्रकरण मिटलेलं नाही. मी अजूनही शनिवारी मोऱ्याला जातो. न गेलो तर ते आणखी वाईट दिसेल. कंदील पडवीत त्याच खिळ्यावर आहे. कुणी नवं गिऱ्हाईक त्याची चौकशी करतं, गुणाबाई गोष्ट सांगते, वादळ पूर्वीइतकंच मोठं झालं आहे. मग गिऱ्हाईक कंदिलाच्या चकाकीकडे बघून हसतं, आणि ती टोपलीवरून मान वर करून हाक मारते: ओ कंटेनरवाले भाऊ, यांना सांगा.

मी पुढे होऊन सांगतो. आता पाठ झालं आहे. फोर्टातला दुकानदार म्हणाला होता तो कागद शेवटी मीच झालो आहे, आणि त्याची मुदत संपत नाही.

उरलेल्या जागेत, त्याच रकान्यांत, दुसऱ्या वस्तूबद्दल:

नाव: चार्जिंगचा एलईडी कंदील. मूळ देश: चीन. वय: एक वर्ष. आपल्याकडे कशी आली: परत.

पूर्वीच्या मालकाचे म्हणणे: याचा उजेड बरा हाय.

साफसफाई केली आहे का: नाही. परवा किशोरी फडकं घेऊन आली होती. म्हणाली, मुठीला काहीतरी लाल लागलंय, पुसून घेते. मी म्हणालो, राहू दे. ती फडकं घेऊन दुसऱ्या फळीकडे गेली.

वरील मजकूर खरा आहे.

सही: